पहिल्या बेसवर थांबायचं होतं

नव्वदच्या दशकात, मी नववीत असताना, बाबा आखातात, अस्करजवळच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनियर होते. त्यांच्या अमेरिकन साहेबाने बेसबॉलचा संघ जमवला होता. जनाबियात तो राहायचा त्या बंगल्यांच्या कंपाउंडच्या मागे, वाळूवर चुन्याच्या रेघा ओढून शुक्रवारी सकाळी सामने व्हायचे. पुण्यात क्लब क्रिकेट खेळलेले बाबा त्यात ओढले गेले आणि त्यांच्याबरोबर मी. कोणाशी बोलावं लागू नये म्हणून मी स्कोअरची वही मागून घेतली. हातात वही असली की लोक वहीकडे बघतात, आपल्याकडे नाही. साहेबाच्या बायकोने दिलेलं नियमांचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं.

त्या शुक्रवारी बाबांनी पहिलाच चेंडू भिंतीपलीकडे मारला. होम रन. पुढच्या खेपेला ते तिसऱ्या बेसपर्यंत पोचले, त्याच्या पुढच्या खेपेला दुसऱ्या. साहेब माझ्या टेबलाशी आला, वहीत डोकावला आणि ओरडून सगळ्यांना म्हणाला, याला आता सायकलसाठी फक्त एक सिंगल हवाय.

बाबा हळूच मला म्हणाले, "काय गं, सायकल देणार आहेत?"

"दिली तर मला दे," कारखान्याच्या स्टोअरमधले रत्नागिरीचे चाचा बाबांना म्हणाले. "कार्गोने घरी पाठवतो. इथं उन्हात तू कुठं चालवणार?"

मी बाबांना समजावलं, शाळेच्या सवयीने नेहमीप्रमाणे इंग्रजीतून. एकाच सामन्यात एकाच खेळाडूने चारही प्रकारचे फटके, म्हणजे पहिल्या बेसपर्यंतचा सिंगल, दुसऱ्यापर्यंतचा डबल, तिसऱ्यापर्यंतचा ट्रिपल आणि होम रन, मारले की त्याला सायकल म्हणतात. मुळात ती क्वचितच होते, आणि सगळ्यात मोठ्या फटक्यापासून उतरत आलेली तर त्याहून दुर्मिळ.

"म्हणजे आता एक काढायची आणि पहिल्या बेसवर थांबायचं?"

"हो."

"एवढंच?" बाबा हसले. पण पाळी येईपर्यंत ते बसले नाहीत, हातमोजा काढत-घालत राहिले. कारखान्यातून घरी आलेल्या बाबांना मी असं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या डावात आमचा एक खेळाडू दुसऱ्या बेसवर होता. बाबांनी चेंडू उजवीकडे मारला आणि धावले. "थांब, थांब!" चाचा ओरडत होते. बाबा थांबले नाहीत. पहिला बेस ओलांडून ते तसेच पुढे गेले. दुसऱ्या बेसवरचा आमचा खेळाडू होमकडे, म्हणजे फलंदाजाच्या जागेकडे, धावत होता; त्याला बाद करायला क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलून तिकडे फेकला, तो पकडला जाईपर्यंत बाबा दुसऱ्या बेसवर उभे होते.

मग साहेब माझ्याकडे आला. म्हणाला, चेंडू होमकडे गेला म्हणून त्याला दुसरा बेस मिळाला, तर सिंगलच लिहायचा ना? नियम तसा होताच. पण बाबा पहिला बेस सोडून चांगली चार-पाच पावलं पुढे गेले, तेव्हा चेंडू अजून वाळूत घरंगळत होता, हे मी पाहिलं होतं. बाकीचे सगळे चेंडूकडे बघत होते. मी बाबांकडे बघत होते.

सामना संपल्यावर बाबा धापा टाकत टेबलाशी आले. "झाली?"

साहेब, चाचा, सगळे माझ्या पेन्सिलीकडे बघत होते.

"नाही बाबा," मी म्हणाले. "तुम्ही दोन घेतल्या." आणि डबल लिहिला.

साहेबाने खांदे उडवले. चाचा म्हणाले, "खलास. घरचाच अंपायर आणि घरच्यालाच नडला." बाबा हसले, पाणी प्यायले आणि बॅटी गोळा करायला लागले.

परतताना बाबांनी गाडी बुदैयाच्या रस्त्याला घेतली. खजुराच्या बागा सुरू झाल्या तशी त्यांनी काच खाली केली.

"क्रिकेटमध्ये माझं नावच होतं त्यासाठी," ते म्हणाले. "दुसरी धाव चोरायची. पहिल्या बेसवर पाय पडला आणि मी विसरलोच."

"मी पाहिलं."

"तू लिहिलंस ते बरोबर आहे." त्यांनी गिअर बदलला. "पण मी तुझ्या जागी असतो ना, तर एकच लिहिली असती."

"माहीत आहे," मी म्हणाले.