गिटारची सहावी तार

भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की उठून चहा टाकायला जाणारा माणूस मी. आमच्या घरात असल्या गोष्टींना थाराच नव्हता. छप्पन साली आजोबांनी धम्मदीक्षा घेतली आणि अंगारे, उतारे, नवस-सायास सगळं एका दिवसात घराबाहेर गेलं. बाबा तर आजोबांच्याही दोन पावलं पुढे... कोणाच्या अंगात आलं म्हणून गलका झाला की हे शांतपणे विचारणार, "ताप पाह्यला का त्याचा?" अशा घरात वाढलेल्या माणसानं हे लिहावं याची मलाच लाज वाटते. पण झालं ते झालं, आणि मी एकट्यानं पाहिलेलं नाही.

साल पंच्याहत्तर-शहात्तर. आमचं गाव धनज, तालुका कारंजा. आता जिल्हा वाशीम लिहितात, तेव्हा आम्ही अकोल्यात मोडायचो. मी कारंज्याला एका जिनिंगमध्ये कारकून होतो, रोज एसटीनं जाणं-येणं. घरी मी आणि बाबा दोघंच. माय मी शाळेत असतानाच गेली होती.

बाबा त्यांच्या काळातले नावाजलेले गाणारे. हातात तुणतुणं, मागे चार साथीदार, भीमजयंतीला गावोगाव बोलावणी. पुढे आवाज बसला आणि पार्टी मोडली. मग आम्ही पोरांनी नवीन गायन पार्टी काढली. गाणारा हिरामण, माझा वर्गमित्र; साथीला बाबांचं तुणतुणं. आणि माझ्या डोक्यात एकच किडा – आपल्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार पाहिजे, शहरातल्या ऑर्केस्ट्रात असते तशी. येत्या जयंतीला ती स्टेजवर वाजवायचीच.

तयार गिटार घेण्याची ऐपत नव्हती. एका मासिकातल्या जाहिरातीवरून किट मागवला, पोस्टातून व्ही.पी.नं आला. खोक्यात गिटारची दांडी, सहा खुंट्या, तारांचे दोन संच, तारांची थरथर पकडणारा पिकअप आणि इंग्रजीतला जोडणीचा नकाशा. बॉडी नव्हतीच! लाकूड ज्याचं त्यानं बघायचं. गावच्या सुताराकडून सागवानी फळी कापून घेतली. मासिकातलं चित्र वर्तमानपत्रावर मोठं करून काढलं होतं, ते जरा जास्तच मोठं झालं. गळ्यात अडकवली की मान खाली जायची. बाबांनी उचलून पाहिली.

"हे गिटार हाय का वखर?"

"वखर असन तं तुमीच चालवा," मी म्हणालो. हसले.

अॅम्प्लिफायर कुठून आणणार? घरी एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्याच्या मागे ग्रामोफोन जोडायची जागा असते, तिथे गिटारची एक वायर लावली. दुसरी, नकाशात 'ग्राउंड' लिहिलेली, मी सरळ रेडिओच्या आतल्या लोखंडी सांगाड्याला सोल्डर करून टाकली. आपल्याला कळलं तसं केलं, आणि कोणाला विचारलं नाही.

आणि वाजली की हो! खोलीभर आवाज घुमला. बाबा दारात येऊन उभे राहिले. "वाजते रे बाप्पा," एवढंच म्हणाले, पण बराच वेळ हलले नाहीत.

पंधरा दिवस मजेत गेले. मग एका रविवारी दुपारी मी रेडिओचा प्लग लावला, बटण दाबलं. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. गिटार समोरच्या बाजेवर पडलेली. मी उचलायला वाकलो, आणि टणकन आवाज झाला. सहावी तार तुटली.

आता सहावी म्हणजे सर्वात जाड तार. ती सहसा तुटत नाही. तुटली तर पातळ तुटते. शिवाय तार तुटायची ती खुंटीपाशी नाहीतर खाली पट्टीपाशी, जिथे ती घासते तिथे. ही मधोमध तुटली होती. जिथे तिला काही लागतच नाही तिथे.

असेल एखादी तार खराब, म्हटलं. रेडिओ बंद करून प्लग काढला, दुसऱ्या संचातली तार चढवली, प्लग पुन्हा लावला. छान वाजली. आठ दिवस रोज वाजली. पुढच्या रविवारी तसंच... बटण दाबलं, हात पुढे केला, टण! तीच तार, तशीच मधोमध.

यावेळी मात्र माझं डोकं फिरलं. आदल्या दिवशी हिरामणनं सहज म्हटलं होतं, "तुही गिटार आली आन् तुह्या बाबाचं तुनतुनं गेलं बरं." ते डोक्यात बसलं होतं. मी घरी नसताना कोणी तार कानशीनं घासून अर्धी करून ठेवली, तर ताणानं ती आपोआप तुटेल. घरी मी नसताना असतं कोण?

"बाबा, तुमी हात लावला का गिटारले?"

"म्या कायले लावू?"

"मंग तार काहून तुटून राह्यली?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "लोखंड हाय. तुटते," म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. त्या दिवसापासून मी गिटार ट्रंकेत कुलूप लावून ठेवू लागलो. किल्ली माझ्या खिशात. बाबांना ते दिसत होतं. गिटारच्या खोलीत पाऊल टाकणं त्यांनी बंद केलं. मला तेव्हा वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

हिरामण खास अमरावतीला जाऊन जाड तार घेऊन आला. एकच मिळाली.

जयंतीचा दिवस. संध्याकाळी कार्यक्रम, आम्ही चार वाजताच सामान लावायला गेलो. ऊन अजून चांगलंच तापलेलं. स्टेज म्हणजे पेंडॉलसमोरचा मातीचा उघडा ओटा. धूळ उडू नये म्हणून पोरींनी नुकताच त्यावर भरपूर पाण्याचा सडा मारलेला. मागे बाबासाहेबांचा फोटो, म्हणून सगळ्यांनी चपला खाली काढलेल्या. पायांना गार माती लागत होती, बरं वाटत होतं.

माइकवाले मुनाफभाई कारंज्याहून आले होते. रेडिओ एका स्टुलावर ठेवला, त्याच्यासमोर त्यांचा माइक. गिटार ट्रंकेतून काढून खुर्चीवर टेकवली. मी प्लग लावला, बटण दाबलं. आणि मी अजून चार हातांवर असताना, सगळ्यांच्या देखत... टण.

जाड तार. मधोमध.

बाबा खाली पहिल्या रांगेत येऊन बसले होते, मागे निम्मा गाव जमला होता. मी तिथूनच ओरडलो, सगळ्यांसमोर.

"झालं समाधान? कानशीनं घासली ना? पोटच्या पोरावर जळता तुमी!"

बाबा उठले. रागावले नाहीत, हे मला पक्कं आठवतं. चपला काढून ओट्यावर चढले. ओल्या मातीवर त्यांची पावलं उमटली.

"म्या नाई तोडली रे. पाहू दे, कायनं तुटली थे तरी पाहू दे मले," म्हणाले, आणि गिटार उचलायला वाकले.

बाबांचा हात आणि तारा यांच्यात वीतभर अंतर राहिलं असेल. पाचवी तार तुटली. मग चौथी. मग तिसरी... घाईनं नाही, एकामागून एक, जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत, कोणी मोजून तोडाव्यात तशा. सगळ्या मधोमध. शेवटच्या तारेचा खुंटीकडचा तुकडा सपकन बाबांच्या मनगटावर बसला. रक्ताची बारीक रेघ उठली आणि बाबांनी हात मागे घेतला.

"पीछे हटो! कोई हाथ मत लगाव!" मुनाफभाई ओरडले. त्यांना कसली शंका आली देव जाणे. खिशातला टेस्टर काढून त्यांनी गिटारच्या खालच्या लोखंडी पट्टीला लावला.

टेस्टरचा दिवा लागला. भर उन्हातसुद्धा दिसला.

मुनाफभाईंनी प्लग उपटला. त्यांनी समजावलं ते असं – तसल्या जुन्या रेडिओत लोखंडी सांगाडा थेट लाइनच्या एका वायरला जोडलेला असतो. प्लग दोन पिनांचा. एका बाजूनं घातला तर काही होत नाही. उलटा घातला तर सांगाड्यात पूर्ण करंट, आणि मी वायर सोल्डर केली होती म्हणून गिटारच्या पट्टीत अन् सहाही तारांत करंट. "अनवाणी, गीली मिट्टी... बुढा आदमी हाथ लगाता तो छूटता नहीं, बेटा." घरी जेव्हा जेव्हा गिटार वाजली तेव्हा प्लग सरळ असणार. तुटली तेव्हा तो कसा होता, हे आता कोण सांगणार?

करंटनं तार तुटते का, मी विचारलं. ते म्हणाले, अशी नाही तुटत. नंतर कितीतरी वायरमनना विचारलं, एका इंजिनियरलाही विचारलं. उन्हानं म्हणावं, तर उन्हात तार सैल पडते. घासलेली असावी म्हणावं, तर त्या पाच तारा मी सकाळीच पुसून, वाजवून ट्रंकेत ठेवल्या होत्या.

कार्यक्रम झाला. हिरामणनं बाबांना हाताला धरून वर बसवलं आणि बाबांनी मनगटाला रुमाल बांधून तुणतुण्यावर साथ केली. मी मागे सतरंजीवर बसून होतो. घरी जाताना बाबांना विचारलं, "तारा कोनं तोडल्या असतील?" ते म्हणाले, "लोखंड हाय. तुटते." शेवटपर्यंत दुसरं उत्तर दिलं नाही त्यांनी.

मी त्यांची माफी मागितली नाही. त्या रात्री जमलं नाही, मग उद्या म्हटलं, मग जणू विषयच संपला. बाबा पुढे बारा वर्षं होते. एका ताटात जेवलो, पण ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. आणि गावात काही जण अजूनही म्हणतात, म्हाताऱ्यानंच काहीतरी केलं असेल... मीच भर पेंडॉलमध्ये ओरडलो होतो ना!

तारा कोणी तोडल्या, मला माहीत नाही. माझ्याकडे कसलंच स्पष्टीकरण नाही, आणि आता मिळेल असंही वाटत नाही. पण बाबांनी तोडल्या नव्हत्या. चार लोकांत केलेला आरोप चार लोकांतच मागे घ्यायचा असतो. बाबा ऐकायला नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय.