धावपट्टीपलीकडची वावरं

युसूफसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या विमानतळावर ड्यूटीवर जायच्या तयारीत होते. "सकाळी चहा पेले, अन् बसल्या जागीच..." सरांच्या पत्नी जुबेदाभाभींना पुढं बोलवेना. मन थाऱ्यावर नसताना विमानाला हात लावायचा नाही, हे सरांनीच शिकवलेलं. उड्डाण दुसऱ्या वैमानिकाकडे सोपवलं आणि परतवाड्याची वाट धरली.

परतवाड्यात त्यांच्या वडिलांचा लाकडाचा धंदा. मुलानं आरामशीन सांभाळावी एवढीच घरच्यांची इच्छा, पण सर विमान उडवायला शिकले आणि पुढं अकोल्याजवळच्या छोट्या धावपट्टीवर शिकवायला लागले. मी तेल्हाऱ्याची, कापूस पिकवणाऱ्या घरातली. विमानात बसायच्या ओढीनं गेले, तर पहिले काही दिवस त्यांनी मला पायीच फिरवलं. धावपट्टी संपते तिथून पुढच्या वावरांमधून, शेतांमधून!

"उडाल्या-उडाल्या इंजिन बंद पडलं तं तुले इथंच उतरा लागते. पाहून घे." विहीर कुठं, विजेच्या तारा कुठं, नांगरटीची तासं, म्हणजे नांगराच्या रेघा, कोणत्या दिशेला... तासांच्या बाजूनं उतरायचं, आडवं नाही. पीक बदललं की आमची फेरी पुन्हा व्हायची.

वऱ्हाडासाठी ती वर्षं वाईट होती. धावपट्टीलगतच्या शेतकरीण वनमालाबाईंनी लागोपाठ दोन हंगाम हातचे गेल्यावर आपलं वावर नुसतं नांगरून ठेवलं होतं, पेरलंच नव्हतं. धावपट्टीच्या अगदी नाकासमोर मोकळी, सपाट जमीन. सर बांधावर बराच वेळ उभे राहिले. "आपल्यासाठी जागा चांगली झाली," ते म्हणाले, "पण अशी चांगली झाली नसती तं बरं होतं."

प्रत्येक उड्डाणाआधी ते विमानाला लवकर उचलणारा समोरचा वारा आहे का ते बघायला, आणि मग सगळं मोठ्यानं म्हणायला लावायचे. चाकं जमिनीवर असताना इंजिन गेलं तर काय, थोडं वर गेल्यावर गेलं तर काय. एकदा मी वैतागले. "रोज रोज काहून, सर?"

"तवा इचार कराले टाइम नसते, बेटा. तोंडपाठ असन तेच हात करतात. अन् मागं धावपट्टी दिसन, वळून जावं वाटन. वळायचं नाही. वळतानी वेग अन् उंची दोन्ही जातात. वळली का गेली."

मग तो दिवस आला. मी एकटीच होते. कुंपण ओलांडून जरा वर गेले, इंजिन दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. नुसता वाऱ्याचा आवाज. खरं सांगते, सगळं अंग मागं वळायला बघत होतं. पण तोंडातून आपोआप निघालं, "नाक खाली!" हातांनी ते केलंही. वेग टिकला. डावीकडे तूर, उजवीकडे तारा, समोर वनमालाबाईंचं वावर. पेट्रोल बंद, स्विच बंद, आदळल्यावर अडकू नये म्हणून दार किलकिलं. चाकं ढेकळांवर आदळली, पुढचं चाक वाकलं, आणि विमान थांबलं.

वनमालाबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. "पोरी, लागलं तं नाही ना तुले?" त्यांच्यामागून सर. त्यांनी आधी मला न्याहाळलं, मग मातीत उमटलेल्या चाकोऱ्या. "पाहा बाई, तासांच्या बाजूनंच उतरली!" लेकीचा निकाल सांगावा तसं ते वनमालाबाईंना सांगत होते. आणि एकदम खाली बसले.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानात त्यांनी मला बसवलं, स्वतः शेजारी.

"भ्याली काय?"

"हो."

"मी बी. चाल, बोल आता." मी सगळं मोठ्यानं बोलले, आणि आम्ही उडालो.

पुढच्या हंगामात वनमालाबाईंनी त्या वावरात पुन्हा सरकी लावली. रोपं वर आलेली पाहून सर हसले. "गेली आपली जागा!" इतक्या आनंदानं काही गमावलेला माणूस मी पाहिला नाही. त्याच संध्याकाळी आम्ही दुसरी जागा शोधायला पायी निघालो.

परवा पुन्हा परतवाड्याला गेले होते. भाभींनी गच्चीवर नेलं. एक वेताची खुर्ची, पश्चिमेकडे तोंड केलेली. निवृत्तीनंतर सर रोज संध्याकाळी तिथं बसायचे म्हणे. "मी म्हनो, इथून कोनतं इमान जाते? तं म्हनत, इमान नसन जात, पन हवा तं येते ना!"

मी खुर्चीत बसले. मेळघाटाकडून वारा येत होता, सरळ तोंडावर. उडायला अगदी छान.