वहिनींचा सहावा टप्पा

हरण्याचा आमच्या थोरल्या वहिनींइतका दांडगा सराव असलेलं माणूस अख्ख्या बारामती तालुक्यात सापडणार नाही. नव्वद सालानंतर कधीतरी भावानं मुलांसाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला. त्यात एक ठेंगणा गडी पळत, खड्ड्यांवरून उड्या मारत सहा टप्पे पार करायचा. तीनदा मेला की पुन्हा पहिल्यापासून. मुलांनी पंधरा दिवसांत वैतागून नाद सोडला, पुढे ती शिकायला पुण्याला गेली, आणि कन्हेरीच्या घरात दुपारच्या एकट्या उरलेल्या वहिनींनी कपाटावरचं ते खोकं पुन्हा खाली काढलं.

खेळायला बसण्याआधी त्या हातपाय धुऊन पदर खोचत. वायर आखूड, म्हणून टीव्हीपासून हातभरावर पाट मांडत आणि चूल पेटवावी तशी कॅसेटमध्ये फुंकर मारत. गड्यानं उडी मारली की वहिनीही पाटावरून चार बोटं वर. एकदा त्या भरात ताकाचं पातेलं लवंडलं. ताक पार उंबऱ्यापर्यंत गेलं, तरी त्यांनी आधी गड्याला खड्ड्यापलीकडे पोचवलं. तिथं तो वटवाघूळ धडकून मेला. त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं आणि तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. गेमला मात्र त्यांनी कधी दोष दिला नाही. "त्यो बराबर पळतो, माझंच बोट उशिरा उठतं," म्हणत. पाचव्या टप्प्यावर हमखास वीज जायची. मग त्या काळ्या पडद्यासमोर नुसत्या बसून राहायच्या.

मी इंदापूरहून महिन्याकाठी जात असे. एकदा न राहवून म्हणालो, एवढा त्रास होतो तर सोडून द्या.

"भावजी, शाळा नववीत सुटली. शिवणाचा क्लास मामंजी आजारी पडलं तवा सुटला. ह्ये तरी तडीला नेऊ द्या."

तीनेक वर्षांनी एका दुपारी, मी शेजारी बसलेलो असताना, सहाव्या टप्प्यातला राक्षस पडला. वाजंत्री वाजली. मी टाळ्यांसाठी हात उचलले, तोच पडदा क्षणभर काळा झाला आणि पहिल्या टप्प्याची हिरवी टेकडी समोर आली. पायथ्याशी तोच गडी उभा. खेळाला शेवट केलेलाच नव्हता. वहिनींनी बटण दाबलं नाही. गडी उभ्या उभ्या तीनदा मेला. हा दुसरा भाग असेल, असं मी काहीतरी पुटपुटलो.

"न्हाय. टेकडी तीच हाय," म्हणून त्यांनी टीव्ही बंद केला. मग हळूच म्हणाल्या, "ह्यास्नी मातुर संपला म्हणूनच सांगा."

संध्याकाळी भाऊ एमआयडीसीतून कामावरून आला. जेवताना मी सांगितलं, वहिनींनी खेळ संपवला. इतक्या वर्षांत त्याबद्दल चकार शब्द न काढलेल्या भावानं ताटावरून मान वर केली.

"मग शेवटी काय व्हतं?"

वहिनी भाकरी वाढत होत्या. "काय न्हाय," त्या म्हणाल्या, "घरी जातो त्यो." आणि दुसरी भाकरी आणायला आत गेल्या.