सत्काराचे स्केट्स

नवीन स्केट्स घेऊन कोणी रिंकवर आलं की तो ते आधी मागून घ्यायचा. मांडीवर उलटे ठेवायचा, अंगठ्याने एक चाक सपकन फिरवायचा आणि ते थांबेपर्यंत बघत बसायचा. मग परत देताना म्हणायचा, "फिरते मस्त. आता तुमी केव्हा फिरसान?"

सगळे हसायचे. ज्याचे स्केट्स असत तोही हसायचा. मी नाही हसले. मी ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. चाक कसं फिरतं हे मला एका भाजीवाल्याकडून ऐकायचं नव्हतं.

तोंडावर मी त्याला 'भाऊ' म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मनात मात्र 'तो'. इथे खरं तेच सांगायचं ठरवलंय, म्हणून 'तो'च ठेवते.

वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या बोरगाव मेघेत एका मोकळ्या प्लॉटवर सिमेंटची रिंक झाली, तिथे पोरांचा स्केटिंगचा क्लास सुरू झाला. पोरं घामाघूम व्हायची आणि आम्ही आईबाप कठड्याला टेकून मोबाईल बघायचो. एक दिवस शिकवणारे सर वैतागले. "बसून बसून पोटं सुटली तुमची, या आत," म्हणाले. त्यातून आमची रविवार सकाळची हॉकी निघाली. पायाला चाकं, हातात काठी, मधे बॉल आणि बहुतेक वेळ आम्ही जमिनीवर. एक बँकेतले कॅशिअर, एक कंपाउंडर, दोन शिक्षिका, असे दहाबारा जण. आणि तो.

तो सेलूकडचा. शेतात वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. रविवारी पहाटे माल घेऊन वर्ध्याच्या बाजारात यायचा, माल उतरवला की आठच्या ठोक्याला रिंकवर. त्याची मुलगी त्या क्लासला होती. पुढे ती नर्सिंगला गेली, हॉस्टेलवर राहायला लागली, पण ह्याचं येणं सुटलं नाही. एकदा कॅशिअरने विचारलं, "पोरगी त गेली भाऊ, तुमी काऊन येता आता?" तो म्हणाला, "आठवड्याचे एवढे दोन तास माहे हायेत. बाकीचे सारे वांग्याचे."

त्याचे स्केट्स म्हणजे कॅनव्हासच्या बुटावर पट्ट्याने बांधायची लोखंडी पट्टी. चाकं रबराची, एका बाजूने झिजलेली. चालताना असा आवाज की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायची. पण बॉल घेऊन कोणी अंगावर आलं की हा पाय आडवा टाकायचा आणि जागच्या जागी खांबासारखा उभा! बॉल त्याच्या काठीला, आपण कठड्याला.

आता माझी गोष्ट. नागपूरच्या पालकांची टीम आमच्याशी खेळायला येणार होती. मी खास नागपूरला जाऊन स्केट्स आणले होते, बुटाचे, चांगले महागाचे. नवऱ्याने विचारलं, "अगं, रविवारी दोन तास खेळायला एवढे कशाला?" मी त्याला घर्षणावर अर्धा तास लेक्चर दिलं. सामन्यात पहिल्या पाच मिनिटांत माझ्याकडून तीन बॉल गेले. तेव्हा तो आवाज करत माझ्याजवळ आला. कठड्याला माझा नवरा होता, स्टाफरूममधल्या दोघी होत्या, बारावीची निम्मी तुकडी होती. त्यांच्यादेखत म्हणाला, "मॅडम, बसा जराशा. चाकं नंबरी हायेत तुमचे, पण तेच तुमाले घेऊन जाऊन राह्यले."

कठडा हलेल असे हसले सगळे. माझा नवरासुद्धा! माझ्या जागी कंपाउंडरला घेतलं आणि आम्ही जिंकलो. हरलो असतो तर मी त्याला कदाचित माफ केलं असतं.

सोमवारी वर्गात मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "मॅडम, बसा जराशा." वीस वर्षं शिकवतेय, माझ्या वर्गात कोणी खोकतसुद्धा नाही. खडूचे दोन तुकडे झाले माझ्या हातात. त्या दिवशी ठरवलं, ह्याला नाही लोळवला तर नावाची नाही.

सुरुवातीला मी फुटकळ डाव टाकले. सरांना सांगितलं, हेल्मेट सक्तीचं करा, कोणी डोकं फोडून घेतलं म्हणजे? मला माहीत होतं, त्याच्याकडे हेल्मेट नाही. पुढच्या रविवारी तो मोटारसायकलचं हेल्मेट घालून उतरला, वर काच पाडून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी बॉल मुद्दाम त्याच्या नडगीवर हाणायला लागले. एकदा चांगला बसला. कळवळला, नडगी धरून खाली बसला आणि तिथूनच ओरडला, "पाहा रे! मॅडमचा फटका सुधरला!" मनापासून खूश होऊन. आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

उत्तर मला एके दिवशी धडा शिकवतानाच सापडलं. घर्षणाचाच धडा. तो माणूस थांबत होता तो त्या झिजक्या, मऊ रबरामुळे. ते रबर काढून घेतलं की हा संपला. पण काढून कसं घ्यायचं? आपल्याकडे एखाद्याला नाही म्हणता येऊ नये अशी सोय आहेच की. सत्कार!

मी पुढाकार घेतला. "भाऊंनी आपल्याला एवढं शिकवलं, आपण त्यांना चांगले स्केट्स द्यायला नकोत?" लोकांचे डोळे पाणावले हो. सगळ्यांनी आनंदाने वर्गणी दिली. रिंकच्या बाहेर त्याच्या चपला होत्या, त्यांचं माप मी स्वतः वितीने घेतलं. नागपूरच्या दुकानात सगळ्यात कडक चाकांचे स्केट्स मागितले. दुकानदार भला होता. म्हणाला, "मॅडम, ये लकडी के फ्लोअर का माल है, सिमेंट पे फिसलेगा." मी म्हटलं, "यही चाहिए."

सत्काराला त्याने धुवट पांढरा शर्ट घातला होता. बायकोलाही आणलं होतं, ती लुगड्याचा पदर सावरत पहिल्या खुर्चीवर बसली होती. शाल झाली, नारळ झाला, स्केट्सचं खोकं झालं. भाषण मी केलं. "भाऊ आमचा अभिमान आहेत. ज्यांनी आम्हाला पडायची भीती सोडायला शिकवलं, त्यांना साधनाची उणीव राहू नये, हीच आमची भावना." शब्द असे सुचत गेले की मलाच नवल वाटलं. तो खाली मान घालून ऐकत होता. खोकं उघडलं, चाक फिरवायचंही विसरला. म्हणाला, "एवढं कायले केलं बाप्पा तुमी."

आणि तिथल्या तिथे त्याने जुने स्केट्स क्लासमधल्या एका गरजू मुलासाठी सरांना देऊन टाकले. "लोकायनं एवढं देलं, मंग जुनं काऊन धरून ठेवाचं?" हे तर मी योजलंही नव्हतं. देवच माझ्या बाजूने आहे असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी तो पडला. पाय आडवा टाकला, पाय गेला पुढे, तो राहिला मागे. सगळे धावले. मी नाही धावले. मी बॉल घेऊन सरळ गेले आणि गोल केला. खोटं कशाला बोलू? इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

पाच रविवार मी तो आनंद खाल्ला. दर रविवारी तो पडायचा. कोपरं सोलली, गुडघे सोलले. कॅशिअर म्हणाला, "भाऊ, हे चाकं जमत नसतीन त बदलवून आणू." तो म्हणाला, "चाकाले कायले दोष देता? एवढे भारी चाकं! पायच अडाणी हाये माहा." आणि पुन्हा उठायचा. मी त्याच्या बाजूने सुसाट जायचे, जाताना म्हणायचे, "भाऊ, बसा जराशा." लोक हसायचे, तोही हसायचा. पण आता बॉल त्याच्याकडे कोणी देईना. तो कडेला कठडा धरून उभा राहायचा, खेळ संपेपर्यंत.

ह्याच दिवसांत माझ्या स्कूटीला पिशवी लटकायला लागली. कोवळी वांगी, वर सांभाराची जुडी. पहिल्यांदा विचारलं तर म्हणाला, "तुमच्यासाठी येगळी काढून ठेवतो, मॅडम. तुमी पुढाकार घेतला, मले मालूम हाये." पहिली पिशवी मी भरीत करून खाल्ली, चवीने. दुसरी कामवालीला दिली. तिसरी तशीच पडून सडली, मला हात लावता येईना. नवरा म्हणाला, "तुला काय झालंय?" मी म्हटलं, "ॲसिडिटी."

सहाव्या रविवारी तो हातावर पडला. आवाज मलाही ऐकू आला. मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर झालं, निघालं, आणि तो आला नाही. महिना गेला, दुसरा गेला. बाजारात चौकशी केली तर कळलं, माल आता पुतण्या आणतो. आमची हॉकी चालू होती. मला अडवणारं कोणी नव्हतं, मी दर रविवारी गोलावर गोल करत होते. त्यात काडीची मजा उरली नव्हती. आणि रात्रंदिवस एकच टोचणी: त्या माणसाचे आठवड्यातले दोनच तास होते, ते मी खाल्ले.

शेवटी एका सुटीला स्कूटी काढली आणि सेलूकडे गेले. तो शेतात होता, डाव्या हाताने वांगी तोडत होता. उजवा मनगटातून वळत नव्हता. मला पाहून हरखला. "अरे बाप्पा! मॅडम! काऊन, इकडं कुठं?"

मी शेताच्या धुऱ्यावरच उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. बसा जराशा, खडू, चपलेचं माप, दुकानदार काय म्हणाला, मी काय म्हणाले. एकही गोष्ट ठेवली नाही. "तुमच्या पायात दोष नव्हता, भाऊ. मी मुद्दाम तसली चाकं आणली. तुम्हाला पाडायला आणली."

तो ऐकत होता. हातातलं वांगं टोपलीत ठेवलं. मला वाटलं, शिव्या देईल. द्याव्यात, असं फार वाटत होतं.

"म्हणजे सत्कारबी तसाच होता," तो म्हणाला.

"इतरांचा खरा होता. माझा तसा होता."

"अस्सं." त्याने टोपली उचलली, डाव्या खांद्यावर घेतली. "घरी चला. च्या घेऊन जा."

घरात गेले आणि पाय दारातच थांबले. समोर भिंतीतलं काचेचं कपाट. त्यात मुलीची नर्सिंगच्या ड्रेसमधली फोटो-फ्रेम, घडी केलेली शाल, आणि शालीवर ते स्केट्स, पुसून लख्ख केलेले. नारळसुद्धा फोडला नव्हता. त्याच्या बायकोने माझा हात धरून मला खाटेवर बसवलं आणि शेजारणीला हाक मारली. "अवो, या लवकर! ह्या पाहा त्या मॅडम. यायनंच सत्कार केला होता ह्यायचा." मग माझ्याकडे वळली. "खरं सांगू का ताई, इतक्या वर्सात ह्यायले कोणी नारळ देला नोता. आल्यागेल्याले दाखवते मी कपाट. तुमी काय मस्त बोलल्या होत्या! मले सांगता येत नाई तसं. तुमीच सांगा ना हिले."

मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो मला सोडवेल. राहू दे म्हणेल, मॅडमला उशीर होतो म्हणेल. तो दारात बसून पायाची माती काढत होता. त्याने वर पाहिलं. वर्षभर मी ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं होतं, ती नजर मी ओळखते.

"सांगा ना, मॅडम," तो म्हणाला.

दोघी बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी सुरू केलं. "भाऊ आमच्या टीमचे चांगले खेळाडू आहेत..."

"अभिमान म्हणल्या होत्या तुमी."

"भाऊ... आमचा अभिमान आहेत."

"हं. पुढं?"

"ज्यांनी आम्हाला शिकवलं..."

"पडाची भीती सोडाले शिकवलं. असं होतं ते."

एकेक शब्द त्याला पाठ होता. मी गाळला की तो देत होता, मला परत म्हणावा लागत होता. उणीव, भावना, सगळं. शेवटी भाषण संपलं तेव्हा शेजारणीने टाळ्या वाजवल्या, बायकोने डोळ्यांना पदर लावला. त्याला टाळी वाजवता येत नव्हती. त्याने डाव्या हाताने आपल्या मांडीवर दोनतीनदा थाप मारली आणि बायकोला म्हणाला, "च्या ठेव, मॅडमचा घसा कोरडा पडला असन."