हक्क सोडण्याआधीची सहल

बातमी आली तेव्हा मी ग्रोसरीच्या लायनीत उभी होते. एका हातात कोथिंबीर, दुसऱ्या हातात फोन, आणि पलीकडून शालिनीचा मुलगा रोहन म्हणत होता, "मावशी, मॉम इज गॉन." एरवी तो मला आंटी म्हणतो. मावशी म्हणाला तेव्हाच मी समजले. शालिनी हॉस्पिटलच्या लॅबमधली ड्यूटी संपवून घरी आली होती, अंगातला कोटही न काढता सोफ्यावर टेकली आणि बसल्या जागी गेली. मागच्या बाईने मला विचारलं, "आर यू इन लाइन?" मी हो म्हणाले, कोथिंबिरीचे पैसे दिले, घरी आले आणि ती निवडून डब्यात भरून ठेवली. बातमी कळल्यावर काय करायचं असतं हे इतकी वर्षं या देशात काढूनही मला जमलेलं नाही. आपल्याकडे लोक दार ढकलून आत येतात आणि बसतात. इथे शनिवार-रविवार उजाडायची वाट बघावी लागते.

त्याला आता काही आठवडे झाले. व्हँकुव्हरचा पाऊस नेहमीसारखा लागून राहिलाय. भेटायला येणाऱ्यांचं येऊन झालं, लोकांचे डबे घासून परत करून झाले, रोहनबरोबर बसून तिच्या कपाटातल्या साड्या वाटून झाल्या. खरं सांगायचं तर मी थकले आहे. दुःख आहेच, पण या वयात दुःखापेक्षा त्याचा शीण जास्त होतो... जिना चढताना मध्येच थांबावं लागतं तसं काहीसं. तरी हे लिहायला बसले, कारण शालिनीबद्दल सगळे जे बोलले ते हुशार, कष्टाळू, एकटीने मुलगा वाढवला असंच बोलले. त्यात खोटं काही नाही. पण ती माझी शालू त्यात कुठे सापडत नव्हती.

आमची ओळख व्हँकुव्हरशेजारच्या बर्नाबीतल्या एका जुन्या बिल्डिंगच्या बेसमेंटमध्ये झाली. मी कपड्यांची टोपली घेऊन खाली गेले तर एक सडपातळ बाई वॉशिंग मशीनला लाथ घालून अस्सल मराठीत म्हणत होती, "मेल्या, गिळलंस ना नाणं?" मी मोठ्याने हसले, ती दचकली, आणि पुढची वीसेक वर्षं आम्ही एकमेकींना सोडलं नाही. मी नागपूरची, एका ऑफिसात अकाउंट्स बघणारी. ती निफाडकडच्या एका खेड्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. रोहन शाळेत असतानाच तिचा नवरा गेला. आई तर त्याआधीच गेली होती. तिकडे वडील, म्हणजे अण्णा, आणि धाकटा भाऊ दिलीप, एवढंच माहेर. बागेची एक सवय तिच्या अंगात मुरलेली होती. दुकानात चिलीची, कॅलिफोर्नियाची द्राक्षं दिसली की घड उचलायचा, देठ निरखायचा, "वाळलाय, जुना माल आहे," म्हणून परत ठेवायचा. विकत मात्र एकदाही घेतली नाहीत. अण्णांच्या पोरीने द्राक्षं विकत घ्यायची, हे तिला पटतच नसे.

व्हँकुव्हरच्या ऑलिंपिकच्या आधीच्या सप्टेंबरात मी तिला म्हटलं, गाडी काढू आणि खाली जाऊ, ऑरेगन करत कॅलिफोर्नियापर्यंत. लोक वाइन चाखत जातात तसं आपणही जाऊ. माझा नवरा सुधीर पोट धरून हसला. "सुपारीचं खांड खाऊन घाम फुटणाऱ्या तुम्ही दोघी, तुम्ही वाइन चाखणार?" मला वाटलं, शालिनीही हसण्यावारी नेईल. ती म्हणाली, "जाऊ. मला बघायचंच आहे." काय बघायचंय ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा असा सगळा सरंजाम घेऊन आम्ही निघालो. बॉर्डरवर ऑफिसरने आमची लिंबं काढून घेतली, तर तासभर शालू त्या लिंबांसाठी हळहळत होती.

ऑरेगनमध्ये एका टेकडीवरच्या वाइनरीत आम्ही पहिल्यांदा थांबलो. काउंटरमागच्या गोऱ्या, हसऱ्या बाईने आमच्यासमोर ग्लास मांडले, थोडी थोडी वाइन ओतली आणि एक पितळी बादली पुढे सरकवली. चाखून झाल्यावर उरलेली यात ओता, तोंडातलीसुद्धा थुंकलीत तरी चालेल, असं ती सांगत होती. शालूने त्या बादलीत डोकावून पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला आजही हसू येतं. "सगळ्यांचं उष्टं एका भांड्यात? आणि कुणाच्या तरी वर्षभराच्या मेहनतीवर तिच्या डोळ्यांदेखत थुंकायचं?" पानात टाकायचं नाही, या शिस्तीत आम्ही दोघी वाढलेल्या. मग काय, त्या बाईने जे जे ओतलं ते आम्ही औषध घ्यावं तसं शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं. तिला वाटलं आम्हाला फार आवडतंय. ती आणखी ओतत गेली आणि आम्ही नको म्हणायला लाजत गेलो. बाहेर आलो तेव्हा समोरची टेकडी हळूहळू डावीकडे सरकत होती.

गाडी चालवण्याचा प्रश्नच नव्हता. भर दुपारी काचा खाली करून आम्ही पार्किंगमध्ये बसून राहिलो आणि दशम्या खाल्ल्या. समोर वेलींच्या रांगाच रांगा होत्या, काळ्या घडांनी लगडलेल्या. शालू खाली उतरली, एक मणी तोडून तोंडात टाकला आणि परत येऊन म्हणाली, "नुसत्या बिया. अण्णांनी हे म्हशीलासुद्धा घातलं नसतं." मग ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. ती काउंटरवरची बाई काळजीने बाहेर आली, तर शालू तिला नाक पुसत म्हणाली, "वी आर ओके. वी आर जस्ट सॅड." बाईने मुकाट्याने पाण्याच्या दोन बाटल्या आणून दिल्या.

त्या गाडीत मला पहिल्यांदा सगळं कळलं. अण्णा गेल्यावर जमिनीच्या उताऱ्यावर बहीण-भाऊ दोघांची नावं लागली होती. दिलीपला अण्णांची जुनी बाग तोडून तिथे वाइनची द्राक्षं लावायची होती. एक कंपनी माल घ्यायला तयार होती. त्यासाठी जमीन एकट्याच्या नावावर हवी, म्हणजे शालूने आपला हक्क सोडल्याची सही करायला हवी. आपल्याकडे बहिणी ती करतातच. सही केली तर जमीन जाते, नाही केली तर माहेर जातं, आणि बहिणी माहेर ठेवतात. ही रीत मला नवी नव्हती. मी म्हटलं, "तुला हवीये का जमीन?"

"जमीन घेऊन काय करू? कॉन्डोच्या बाल्कनीत पसरू?"

"मग अडलंय कुठे?"

दशम्यांचं फडकं गुंडाळत ती म्हणाली, "सही राहिलीये म्हणून दिल्या दर आठवड्याला फोन करतो गं. आधी फक्त दिवाळीला करायचा. आता त्याच्या रविवारी सकाळी, आपल्या शनिवारी संध्याकाळी, न चुकता करतो. पाऊसपाणी सांगतो, रोहनचं विचारतो, वहिनी बोलते, पोरं बोलतात. आणि सगळं झाल्यावर हळूच म्हणतो, ताई, तेवढं त्या कागदाचं बघ. सही केली की ते शेवटचं वाक्य संपलं. मग फोन कशाला करेल?"

गेली दोन वर्षं ही बाई शनिवारी संध्याकाळी कुणाकडे जेवायला येत नव्हती, वाढदिवसांना येत नव्हती, आणि आम्ही मैत्रिणी तिला माणूसघाणी म्हणत होतो. ती घरी बसून भावाच्या शेवटच्या वाक्याची वाट बघायची, आणि ते आलं की "बघते हं," म्हणून पुढच्या आठवड्याची सोय करून ठेवायची. "करू नकोस सही," मी म्हटलं. मी तेव्हा तापलेच होते. "झुलव त्याला. चांगलं दहा वर्षं झुलव."

पुढच्या दिवसांत आम्ही शहाण्या झालो. एकीने चाखायचं, दुसरीने गाडी चालवायची, आणि बादलीकडे बघायचंही नाही. पण शालूचं लक्ष ग्लासात नव्हतंच. मी आत वास घेत, मान डोलावत उभी असायची आणि ही बाहेर रांगांमधून पान उलटून बघत फिरत असायची. कॅलिफोर्नियात शिरल्यावर एका रस्त्याच्या कडेला तिने गाडी थांबवायला लावली. तिथे एक जुनी बाग नुकतीच उपटली होती. माणसाच्या मांडीएवढी खोडं मुळांसकट ढीग करून टाकलेली, आणि शेजारच्या वावरात एक म्हातारा आणि त्याचा मुलगा वाकून नवी रोपं लावत होते. शालू कुंपणाशी कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता ही परत रडणार. पण गाडीत बसल्यावर ती शांतपणे म्हणाली, "मी सही करते."

"अगं, पण..."

"पहाटे उठून औषध मारतो तो. थंडीत बागेत शेकोट्या पेटवून बसतो. अण्णांना शेवटी त्याने उचलून न्हाऊ घातलं. आणि मी इथे बसून त्याला दर रविवारी माझ्यापुढे हात जोडायला लावते. याला काय माहेर म्हणायचं? फोन आला तर आला... नाही आला तर नाही." त्यानंतर समुद्राच्या कडेकडेने आम्ही पुष्कळ गाडी चालवली. तो रस्ता बघायला लोक जगभरातून येतात. मला त्यातलं फारसं काही आठवत नाही, दोघींच्या दमलेल्या गप्प बसण्याखेरीज.

परत आल्यावर व्हँकुव्हरच्या कॉन्सुलेटमध्ये जाऊन तिने कागदांवर सही केली. मी साक्षीदार होते. आणि गंमत अशी की फोन थांबले नाहीत. त्यानंतरही वर्षभर दिलीप बोलत राहिला. नवी रोपं लावली, तारा ओढल्या, सगळं सांगायचा. शालू इतकी खूश असायची की मला चिडवायची, "दहा वर्षं झुलवणार होतीस ना माझ्या भावाला?" मग फोन दोन आठवड्यांनी यायला लागले, मग महिन्याने, आणि शेवटच्या वर्षात बंदच झाले. ही फोन करायची तर वहिनी म्हणायची, ते शेतात गेलेत. हळूहळू तिनेही करणं सोडलं. मी दिलीपच्या नावाने बोटं मोडायची. ती मात्र त्याची बाजू घ्यायची. "छाटणी चालू असेल," म्हणायची. कधी म्हणायची, रोग आला असेल पानांवर. बागेत बाराही महिने काही ना काही चालू असतंच, त्यामुळे तिच्याकडे कारणं कधी कमी पडली नाहीत. शनिवारी मात्र ती घरीच असायची.

ती गेल्याचं दिलीपला रोहनने कळवलं होतं, मोडक्या मराठीत आणि थोडक्यात. मागच्या आठवड्यात मी स्वतः त्याला फोन लावला. सांत्वन करायला नव्हे, चांगली खरडपट्टी काढायला. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. त्याने फोन उचलला आणि मी कोण ते सांगितल्यावर तो म्हणाला, "ताई तुमच्याबद्दल लई सांगायची." मी सरळ विचारलं, "मग तिला शेवटचं वर्षभर फोन का नाही केलात, दिलीपराव?"

मग त्याने सांगितलं. बाग लावली आणि कंपनी डळमळायला लागली. पहिला भरघोस माल आला त्या हंगामात त्यांनी तो उचललाच नाही. घड वेलींवर सुकले. ती द्राक्षं बाजारात कुणी खायला घेत नाही. शेवटी त्याने सगळी बाग उपटून टाकली. "अण्णांची बाग मोडून लावली होती हो. तिने एका शब्दाने सही दिली. फोन उचलला की ती पहिलं विचारणार, बाग कशी आहे? आणि मी खोटं बोललो की तिला लगेच कळतं, लहानपणापासून. म्हटलं, पुन्हा अण्णांच्यासारखी खायची थॉमसन द्राक्षं लावू, एकदा बाग फुटू दे, मग सांगू. आता फुटलीय... तर ही गेली."

माझी सगळी जुळवलेली वाक्यं फुकट गेली. त्याने विचारलं, "माझ्यावर नाराज होती का हो ती? काय म्हणायची?"

"म्हणायची, छाटणी चालू असेल," मी सांगितलं, आणि पन्नाशीचा तो माणूस फोनवर हुंदके देऊन रडायला लागला. मीही रडले. एकमेकांना कधी न पाहिलेली आम्ही दोन माणसं बराच वेळ तशीच रडत होतो. फोन ठेवताना तो चाचरत म्हणाला, "मी तुम्हाला फोन केला तर चालेल का कधी? आमच्या रविवारी सकाळी?" मी करा म्हणाले.

काल शनिवार होता. सुधीर म्हणाला, बाहेर जेवायला जाऊ. मी म्हटलं, तू जा, माझा पाय निघत नाही. संध्याकाळी फोन वाजला. मी खुर्ची ओढून बसले आणि आधी तेच विचारलं जे शालूने विचारलं असतं, "बाग कशी आहे?" दिलीपने पहिल्यापासून सगळं खरं सांगायला सुरुवात केली.