दहाचे तीन सेट
पेठच्या तुकाबाईचा नवरा राघू मेंढरांमागं हिंडणारा. अठ्ठ्याण्णव साली अडकलेलं कोकरू सोडवताना तो कड्यावरून घसरला आणि उजव्या गुडघ्याचा पार चुरा झाला. पुण्यात ऑपरेशन झालं. घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी टाच मागं ओढून गुडघा कसा वाकवायचा ते दाखवलं आणि घाईत सांगितलं, "रोज दहाचे तीन सेट. चुकवायचं नाही."

तुकाबाईनं मान हलवली. सेट म्हणजे काय ते समजलं नाही, पण दहा समजले, तीन समजले. दहा वाजता, तीनदा.

घरात घड्याळ नव्हतं. दहाची एसटी रस्त्यानं गेली, की हातातलं काम टाकून ती राघूपाशी बसायची आणि तीनदा गुडघा वाकवायची. राघू दातओठ खायचा. एकदा मात्र तोच म्हणाला, "आजून चारपाच येळा करू का? जरा मोकळं वाटतंय."

"नगं. तीनच सांगितल्यात. टाकं उसवलं म्हंजी?"

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पाय पाहिला. गुडघा लाकडासारखा आखडला होता.

"व्यायाम केला नाही तुम्ही."

"एक दीस चुकला न्हाई, सायेब."

त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मेंढरं विकली. राघूला मांडी घालून जेवायला बसता येईना. सरळ पाय पुढं टाकून तो दिवसभर खाटेवर बसून राहायचा. तुकाबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाऊ लागली. अशी नऊ वर्षं गेली.

नात राजनंदिनी शाळेच्या कबड्डीत निवडली गेली. अंगणात बैठका मारता मारता ती मोठ्यानं मोजत होती. दहा झाल्या की थांबायची, पुन्हा एकपासून सुरू.

"किती गं मारतीस?"

"सरांनी दहाचे तीन सेट सांगितलेत, आज्जी."

तुकाबाईच्या हातातलं सूप खाली आलं. "म्हंजी?"

"दहा मारायच्या, की एक सेट. दम खायचा, परत दहा. असं तीनदा. तीस झाल्या ना!"

तिसऱ्या दिवशी तिनं राघूला सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "इचारायचं व्हतं गं तवाच."

"लाज वाटली."

"मंग आता तरी कशाला सांगितलंस?"

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी त्याच्या गुडघ्याला चोळायला तेलाची वाटी घेऊन आली. राघूनं पायावर घोंगडी ओढली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. पुन्हा त्यानं तिला त्या पायाला हात लावू दिला नाही.