बारकी विचार करतेय

माझ्या बहिणीसारखा नवा मोबाइल लावून देणारं माणूस या शहरात झालं नाही, आणि होणारही नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. भाऊ म्हणून सांगायला बसलो तर वही पुरायची नाही. मी शटरवाला आहे. बाजारातली अर्धी लोखंडी शटरं माझ्या हातची. काम मनापासून केलंय की उरकलंय, ते मला नुसत्या आवाजावरून कळतं. तिचं काम मनापासूनचं होतं.

घरात तिला बारकी म्हणायचो. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी आठवीत शाळा सोडली, ती बारावी झाली, आणि माझ्या जोरावर झाली, हेही लिहून ठेवतो. मोबाइलच्या दुकानात तिला लावली तीसुद्धा मीच. मालकाचं शटर अर्ध्यात अडकलं होतं, तीन मिस्त्री हात टेकून गेले होते. मी स्प्रिंग बदलली, करंगळीने शटर वर केलं आणि म्हणालो, "मालक, तुम्हाला एक हुशार मुलगी कामाला हवी आहे. तुम्हाला अजून माहीत नाही, एवढंच."

दुकानात विकणारे तिघं होते. बारकीचं काम विक्री झाल्यावर सुरू व्हायचं. काचेच्या कपाटामागे दोन स्टुलं आणि मधे छोटं टेबल. नवा फोन घेतलेलं वयस्कर माणूस तिथे बसायचं, खोका असा धरून की जणू कुणी तान्हं मूल सांभाळायला दिलंय. बाकीचे तिघं दोन मिनिटांत वीस ॲप टाकून मोकळे व्हायचे. ही खोका उघडायचीच नाही. आधी तीन प्रश्न विचारायची. सकाळी उठल्यावर पहिलं काय करता? दिवसात सगळ्यात जास्त कशाचा वैताग येतो? आणि हात रिकामे असले की काय करता?

मग पाच ॲप टाकायची. पाचच. "सहावं तुमचं तुम्ही शोधायचं," असं म्हणायची.

गोदामावरच्या पहारेकऱ्याला तिने आकाशाकडे फोन धरला की ताऱ्यांची नावं सांगणारं ॲप दिलं. म्हणे, "काका, एवढे वर बघत बसता, तर वर कोण कोण राहतं ते तरी कळू दे." शिवणकाम करणाऱ्या एका बाईंना सुईत दोरा ओवता यायचा नाही. त्यांना भिंगाचं ॲप दिलं, आणि बोललेलं साठवून ठेवणारं दुसरं, म्हणजे हातात टेप असताना मापं तोंडानेच सांगायची. मी स्वतः त्यांच्या दुकानाचं शटर करायला गेलो होतो तेव्हा ऐकलंय, बाई फोनला दटावत होत्या, "बाही साडेनऊ! ऐकलंस ना?"

पाचवं ॲप मात्र सगळ्यांना एकच. ठिपक्यांचा खेळ. शाळेत वहीच्या मागच्या पानावर खेळायचो तोच. आळीपाळीने दोन ठिपक्यांमध्ये रेघ मारायची, चौथी रेघ ज्याची, चौकोन त्याचा आणि पुढची रेघही त्याचीच. या खेळात खातं नाही, पासवर्ड नाही, नाव घातलं की झालं. म्हाताऱ्या माणसांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून तिने मुद्दाम तो निवडला. आणि प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिला जोडीदार म्हणून ती स्वतःला घालायची, दुकानातल्या नमुन्याच्या फोनवरून. तो फोन ती घरीही आणायची. नवीन फोन घेतलेल्याला पहिले काही दिवस कुणाचा फोन येत नाही, असं तिचं म्हणणं. निदान खेळाचा तरी आवाज यावा.

पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा अडून बसले. "खेळ नको. मी काय लहान आहे?"

"आजोबा, हा तुमच्यासाठी नाहीच," बारकी म्हणाली. "माझ्यासाठी आहे. दुपारी मला खेळायला कुणी नसतं."

माझाही फोन तिनेच लावला. पातळी बघायचं ॲप, हिशेबाचं, गाण्यांचं, विजेरीचं. पाचव्याला मी हात आडवा घातला.

"हरशील म्हणून ना, दादा?"

"मी? तुझ्याकडून? तुला सायकल कोणी शिकवली?"

"मग खेळ की."

मी फोन हिसकावून घेतला. त्याला दोन वर्षं झाली.

या वर्षी तिला ताप आला. सात दिवस. आठव्या दिवशी मी तिची पिशवी घेऊन दवाखान्यातून एकटाच घरी आलो. पिशवीत कंगवा, पाण्याची बाटली, आणि दुकानाचा तो फोन. मी पिशवी तशीच कपाटात ठेवली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई भांडी पुसत होती, मी नुसता बसलो होतो. कपाटातून आवाज आला. टुण.

"बारके, फोन बघ गं," आई मान न वळवता म्हणाली.

मग आम्ही दोघंही हललो नाही. तिच्या हातातल्या ताटलीवरून पाणी ठिबकत होतं.

त्यानंतर रोज. कधी एकदा, कधी लागोपाठ चार वेळा. टुण, टुण. मी छातीचा माणूस आहे, तिसऱ्या मजल्यावर शिडीवर एका हाताने काम करतो, पण त्या आवाजाने माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटलं, दोन दिवसांत बॅटरी संपेल. आठवडा झाला, दोन झाले, आवाज थांबेना. शेवटी कपाट उघडलं. फोन चार्जिंगला लावलेला होता, पूर्ण भरलेला. आईला धड फोन धरता येत नाही.

"तू लावलास?"

"तिचं काही काम राहिलं असेल," आई म्हणाली. "मधेच कशाला बंद पाडायचं?"

तिसऱ्या आठवड्यात मालकाचा निरोप आला, म्हणून दुकानात गेलो. बिचारा नीट बोलला, दोष देणार नाही. फोन कंपनीचा, नमुन्याचा. मॉडेल बंद झालं, शनिवारी परत पाठवायचा, आतलं सगळं पुसून. मी म्हणालो, "बदल्यात दुसरा नवा देतो, हा राहू द्या." मालक म्हणाला, "यादीत याचाच नंबर आहे हो. माझ्या हातात असतं तर मागितला असता का?"

बोलणं चालू असताना पोस्टातले आजोबा आत आले. त्यांना काही माहीत नव्हतं. स्टुलावर बसले, फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर अर्धवट डाव, आणि खाली लिहिलेलं: बारकी विचार करतेय. समोरच्याची खेळी यायची असली की तो खेळ असंच दाखवतो.

"तीन आठवडे झाले," आजोबा म्हणाले. "रोज उघडतो, रोज हेच. एवढा विचार करण्यासारखी माझी खेळी नव्हती. रजेवर आहे का?"

मालकाने खाली बघितलं. सांगायचं मी होतं. माझं तोंड उघडलं आणि आतून भलतंच निघालं. "करेल, आजोबा. आज करेल."

घरी येऊन मी फोन उघडला. साठाच्या वर डाव अर्धवट पडले होते, आणि प्रत्येकाच्या फोनवर माझी बहीण विचार करत बसली होती. मी ठरवलं, शनिवारच्या आत सगळे डाव संपवायचे. अर्धं काम मी आयुष्यात कुठे सोडलेलं नाही. तिचंही सोडणार नव्हतो.

पहिला डाव आजोबांचा, दुसरा शिवणकामवाल्या बाईंचा. बाईंचे मी एका दमात अकरा चौकोन मारले. आईला दाखवलं सुद्धा. खेळातच खाली दोन शब्द लिहायची जागा असते, तिथे बाईंचं आलं: "ही बारकी नाही. कोण आहे?"

माझे कान तापले. मी जुने संपलेले डाव काढून बघितले, एकेक रेघ. तेव्हा तिची पद्धत कळली. ती नेहमी डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करायची. आणि नव्या माणसाशी तीन डाव हरायची, चौथा जिंकायची. शेवटी चौकोनांची लांब रांग समोरच्यासाठी मोकळी सोडून द्यायची, अशी की त्याला वाटावं आपणच हुशार. एवढं डोकं! आणि मी म्हणायचो, पोरखेळ.

बाईंना लिहिलं, "मी दादा." आणि मग खरं तेही लिहिलं. त्यांचं आलं: "शटरवाले ना? ती म्हणायची, आमचा दादा हरला तर दोन दिवस जेवत नाही. माझा डाव संपवू नका. आहे तिथे राहू द्या."

बाकीच्यांशी मी तिच्यासारखा हरायला बसलो. शटर बसवणं सोपं आहे हो. मुद्दाम हरणं, तेही समोरच्याला कळू न देता, ते येरागबाळ्याचं काम नाही. आजोबा जिंकले. त्यांचं आलं: "एवढा विचार करून हरलीस ना, पोरी!" मी आईला वाचून दाखवलं. आई हसली, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, आणि मग पदर तोंडाला लावून आत गेली.

लगेच टुण. आजोबांनी नवा डाव मांडला होता. ज्याच्याशी संपवावा तो नवा मांडत होता, कुणी तर दोन-दोन. गुरुवारपर्यंत डाव आधीपेक्षा वाढले होते. साठ माणसं माझ्या मेलेल्या बहिणीशी खुशाल खेळत होती आणि तिचं बोट मी होतो. फोन हातात घेतला की माझाच हात मला परका वाटायला लागला.

शुक्रवारी दुपारी मी काम टाकून घरी बसलो आणि प्रत्येकाला एकच मजकूर पाठवला. "मी बारकीचा मोठा भाऊ. ती गेली. मधल्या खेळ्या माझ्या होत्या. फोन उद्या परत जातोय."

मला वाटलं, शिव्या येतील. मग टुण. मग टुण, टुण, टुण. आई माझ्याजवळ येऊन बसली. कुणी फार लिहिलं नव्हतं. एकेकाने फक्त आपली एक रेघ मारली होती. पहारेकऱ्याने, लाँड्रीवालीने, सगळ्यांनी. सगळीकडे आता तिची पाळी होती.

आई म्हणाली, "अगदी खाली काय आहे बघ. सगळ्यात जुना."

सगळ्यात खाली नाव होतं: दादा.

मी माझा फोन काढला. शोधत शोधत एका कोपऱ्यात सापडला तो खेळ. फोन हिसकावून घेण्याआधीच तिने टाकून ठेवला होता. उघडला. सगळे ठिपके कोरे, फक्त डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यात एक रेघ. खाली लिहिलेलं: तुमची खेळी. दोन वर्षं ती रेघ मारून बसली होती, आणि या घरात रोज मला ताट वाढत होती, आणि एका शब्दाने म्हणाली नाही.

मी तिच्या रेघेला लागून एक रेघ मारली.

दुसऱ्या हातातला तिचा फोन वाजला. टुण.

आईने माझ्याकडे बघितलं. "खेळ ना. तिच्या बाजूने."

साठ जणांशी खेळलो होतो. तिथे मात्र बोट टेकेना.

शनिवारी दुकानात गेलो तर आजोबा आधीच स्टुलावर. मी मान खाली घातली. "आजोबा, चुकलं माझं."

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले. "ती कोपऱ्यातून येते. तू दरोडेखोरासारखा मधूनच घुसलास."

"मग खेळत का राहिलात?"

"डाव मांडलेला होता ना," आजोबा म्हणाले, आणि मालकाने फोन पुसायला घेतला तेव्हा त्यांनी माझा दंड घट्ट धरला. पाव मिनिट लागलं. पडदा काळा झाला, मग पांढरा, मग त्यावर कुठल्याही नव्या फोनवर येतं ते स्वागत आलं.

आता घरात आवाज येत नाही. माझ्या फोनवर डाव तसाच आहे, दोन रेघा, एक तिची, एक माझी. समोरचा फोन पुसलेला आहे हे या खेळाला कोणी सांगितलेलं नाही. मी शिडीवर असलो तरी एकदा खिशातून काढून बघतो. खाली लिहिलेलं असतं: बारकी विचार करतेय.

संध्याकाळी हातपाय धुऊन बसलो की आई विचारते, "केली का तिने खेळी?"

"नाही अजून."

"करू दे सावकाश," आई म्हणते. "तू तरी कुठे घाई केलीस?"